सिस्टीमच्या सोबतच्या प्लेअरमध्ये १०-बिट व्हिडिओ : कामाच्या नोंदी

काम असं आहे. निरनिराळ्या कॅमेऱ्यांतून आणि फोनमधून आलेल्या १०-बिट (म्हणजे नेहमीच्या ८-बिटपेक्षा रंगांच्या जास्त बारीक छटा टिपणाऱ्या) व्हिडिओंचं एक फोल्डर आहे. ते ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांना कॉम्प्युटरवर बाहेरचा प्लेअर टाकायची मुभा नाही. विंडोज किंवा मॅकसोबत जो प्लेअर येतो त्यातच फाइल उघडली पाहिजे. ‘व्हीएलसी टाका आणि मोकळे व्हा’ हा सल्ला एरवी उत्तम आहे, पण इथे चालणार नाही. हेच काम अंगावर घेणाऱ्या दुसऱ्या कुणाचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

६ जून

सगळ्या फाइली एकेक करून विंडोज ११ च्या लॅपटॉपवर सोबतच्या प्लेअरमध्ये उघडल्या. प्रोसेसर इंटेलच्या ८व्या पिढीचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रत्येक फाइलपुढे जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर पुढे काहीच कळलं नसतं, कारण न चालण्याचे प्रकार अनेक निघाले.

काही फाइलींवर ०एक्ससी००डी५२१२ हा एरर कोड आला. म्हणजे फाइलचं वेष्टण (चित्र आणि आवाज एकत्र ठेवणारा साचा, जसं एमओव्ही, एमपी४ किंवा एमकेव्ही) प्लेअरने उघडलं, पण आतल्या चित्रासाठी डीकोडर (दाबून साठवलेलं चित्र उलगडणारा भाग) मिळाला नाही. एकीवर ०एक्ससी००डी३६सी४ आला. तिथे वेष्टणच ओळखता आलं नाही. हे दोन कोड एकसारखे दिसतात, पण उपाय वेगळे आहेत, म्हणून शेवटचे चार आकडे नीट वाचायचे. काही फाइलींचा आवाज व्यवस्थित आणि पडदा काळा. काही चालल्या, पण कॅमेरा फिरला की अडखळल्या. उरलेल्या सुरळीत चालल्या, मात्र रंग धुतल्यासारखे.

राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या. तिथे फ्रेमची रुंदी, उंची, डेटा रेट मिळतो. चित्राची बिट डेप्थ मिळत नाही. एक्स्टेन्शनवरून तर काहीच ठरवता येत नाही. एकाच कॅमेऱ्यातल्या दोन एमओव्ही फाइलींपैकी एक चालली, दुसरी नाही.

७ जून

मीडियाइन्फो या, फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने सगळ्या फाइली तपासल्या. हे काम कालच्या आधी व्हायला हवं होतं. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने प्लेअरला हात लावण्यापूर्वी हीच पायरी घ्यावी. मीडियाइन्फोच्या लांबलचक यादीतल्या मोजक्याच ओळी कामाच्या आहेत: फॉरमॅट (म्हणजे कोडेक, चित्र दाबून साठवायची पद्धत, जसं एच.२६४, एचईव्हीसी, एव्ही१), फॉरमॅट प्रोफाइल (त्या पद्धतीचा उपप्रकार), कोडेक आयडी, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगांची माहिती किती कमी करून ठेवली ते; ४:२:२ मध्ये ती ४:२:० पेक्षा जास्त असते), बिट डेप्थ, आणि तळाशी असलेल्या रंगांच्या ओळी.

या ओळी शेजारीशेजारी मांडल्यावर गट आपोआप पडले. फोनच्या फाइली एचईव्हीसी, प्रोफाइल ‘मेन १०’, ४:२:०. एका कॅमेऱ्याच्या फाइली एच.२६४, प्रोफाइल ‘हाय ४:२:२’, १० बिट. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या एचईव्हीसी, पण ४:२:२. काही एमकेव्ही फाइली एच.२६४, ‘हाय १०’, ४:२:०. एक फाइल एव्ही१.

बिट डेप्थच्या ओळीत सगळीकडे ‘१० बिट्स’च आहे. तरी काल पाहिलेली लक्षणं गटाप्रमाणे बदलतात. मला या सगळ्या कामातली महत्त्वाची गोष्ट हीच वाटते: ‘१०-बिट चालतं का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या कोडेकचं १०-बिट, कोणत्या प्रोफाइलचं आणि किती क्रोमाचं, हे विचारलं तरच उत्तर मिळतं.

९ जून

कोडेक पॅक (अनेक डीकोडरचा एकत्र संच) टाकून पाहिला. (हा माझा चाचणीचा लॅपटॉप आहे, इथे काहीही टाकायला हरकत नाही.) पॅक बसला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, पण सोबतच्या प्लेअरमध्ये तसूभरही फरक पडला नाही.

कारण शोधायला दुपार गेली, ती अशी वसूल झाली: हे पॅक मुख्यतः डायरेक्टशो या विंडोजच्या एका मीडिया यंत्रणेसाठीचे फिल्टर बसवतात. विंडोजचा आजचा प्लेअर मीडिया फाउंडेशन या दुसऱ्या यंत्रणेवर चालतो आणि डीकोडर तिथेच शोधतो. डायरेक्टशोत कितीही चांगला फिल्टर असला तरी तो त्याला दिसत नाही. एमपीसी-एचसीसारखे डायरेक्टशोवरचे प्लेअर वापरणाऱ्यांना या पॅकचा फायदा होतो, आपल्या कामात नाही. पॅक काढून टाकला. काढताना फाइल असोसिएशनही तपासा. माझ्याकडे डबल क्लिकवर भलताच प्रोग्रॅम उघडायला लागला होता, तो सेटिंग्जमधून परत बदलला.

१० जून

एचईव्हीसीच्या गटापासून सुरुवात. विंडोजमध्ये एचईव्हीसी डीकोडर मूळच्या सिस्टीमसोबत येतोच असं नाही. ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ म्हणून तो स्टोअरमध्ये वेगळा मिळतो आणि त्याला किरकोळ पैसे पडतात. काही कॉम्प्युटरवर उत्पादकाने तो आधीच बसवलेला असतो, म्हणून विकत घेण्यापूर्वी सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत नाव शोधा. हे सिस्टीमचंच एक्स्टेन्शन असल्यामुळे ‘बाहेरचा प्लेअर नको’ या अटीत बसतं. समोरच्या व्यवस्थापकांना तसं विचारून घेतलं, होकार आला.

एक्स्टेन्शन बसताच फोनच्या सगळ्या फाइली उघडल्या. दुसऱ्या कॅमेऱ्याची ४:२:२ एचईव्हीसी मात्र तशीच काळी.

यामागचं कारण साधं आहे. एचईव्हीसीची पहिली आवृत्ती २०१३ साली आली तेव्हाच ‘मेन १०’ तिच्यात होतं. त्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी १०-बिट ४:२:० लवकर उचललं. इंटेलमध्ये ७व्या पिढीपासून ते पूर्णपणे हार्डवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या डीकोडिंगच्या खास भागात चालतं. ४:२:२ चे प्रोफाइल २०१४ च्या विस्तारात आले आणि हार्डवेअरमध्ये पोहोचायला त्यांना बराच काळ लागला. इंटेलच्या ११व्या पिढीत, ॲपलच्या एम१ मध्ये ते आहे. एनव्हिडियात आरटीएक्स ५० मालिकेपर्यंत थांबावं लागलं. माझ्या ८व्या पिढीच्या लॅपटॉपला ४:२:२ जमणार नाही, हे ठरलेलंच आहे. त्या फाइली बाजूला ठेवल्या.

१३ जून

फोनच्या ४के ६० फ्रेमच्या फाइली एका दुसऱ्या डेस्कटॉपवर अडखळत होत्या, आणि गंमत वाटावी असं म्हणजे तो माझ्या लॅपटॉपपेक्षा नवा आणि ताकदवान.

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्स चिप) निवडलं. तिथे छोटे छोटे आलेख असतात, त्यांतल्या एकाच्या डोक्यावर ‘व्हिडिओ डीकोड’ लिहिलेलं असतं. नसेल तर आलेखाच्या नावावर क्लिक करून यादीतून तो आणता येतो. एका बाजूला प्लेअर, दुसऱ्या बाजूला हा आलेख असं ठेवून फाइल चालवली. लॅपटॉपवर प्ले दाबताच ही रेघ वर चढते आणि प्रोसेसर जवळपास निवांत राहतो. डेस्कटॉपवर जीपीयूच यादीत नव्हतं. प्रोसेसरचे सगळे कोर माथ्याला टेकलेले, पंख्याचा आवाज वाढत चाललेला, आणि चित्र दर काही क्षणांनी जागच्या जागी थबकून पुढे उडी मारणारं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॅप्टर उघडलं तर ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’. म्हणजे ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, नुसतं चित्र दाखवण्यापुरता कामचलाऊ ड्रायव्हर चालू आहे. अशा वेळी हार्डवेअर डीकोडिंग नावालाही नसतं. चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून ड्रायव्हर घेऊन बसवला, पुन्हा सुरू केलं. रेघ वर चढली, थबकणं थांबलं.

हा आलेख पाहायची सवय लावून घ्या. ‘फाइल जड आहे’, ‘डिस्क मंद आहे’ असे तर्क लढवण्यात जो वेळ जातो तो एका नजरेत वाचतो.

१४ जून

मॅकची पाळी. मॅकसोबतच्या क्विकटाइम प्लेअरमध्ये फोनच्या फाइली पहिल्या झटक्यात चालल्या. एमकेव्ही क्विकटाइम उघडत नाही, ते अपेक्षितच होतं. त्यांतली एक एचईव्हीसी मेन १० होती, म्हणून ती एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमने नुसती एमपी४ मध्ये हलवली. चित्र पुन्हा एन्कोड केलं नाही, कॉपीचा पर्याय दिला. काम काही सेकंदांचं. फाइल तयार झाली, विंडोजवर चाललीही, पण क्विकटाइमने नाकारली.

मीडियाइन्फोत कोडेक आयडीपुढे ‘एचईव्ही१’ होतं. फोनच्या चालणाऱ्या फाइलीत त्याच जागी ‘एचव्हीसी१’. चित्राचा डेटा तोच असतो. डीकोडरला लागणारी सुरुवातीची माहिती फाइलीत कुठे ठेवायची, एवढाच दोन्हींत फरक. ॲपलच्या प्लेअरला ‘एचव्हीसी१’च लागतं. एफएफएमपेगला व्हिडिओचा टॅग एचव्हीसी१ द्यायला सांगून फाइल पुन्हा हलवली. तीच फाइल, तेच बिट्स, आता क्विकटाइममध्ये उघडली.

हलवताना चित्राला धक्का लागला नाही ना, याची खात्रीही करून घेतली. एफएफएमपेग प्रत्येक फ्रेमचा एमडी५ हॅश (डेटावरून काढलेला ओळखीचा ठसा) काढून देतं. आधीच्या आणि नंतरच्या फाइलीच्या याद्या जुळवल्या, शेवटच्या फ्रेमपर्यंत तंतोतंत सारख्या. वर्षानुवर्षं जपायच्या फाइलींवर काम करताना ही तपासणी टाळू नये.

१७ जून

आता खरी अडचण: एच.२६४ चं १०-बिट. ‘हाय १०’ आणि ‘हाय ४:२:२’ दोन्ही.

विंडोजच्या स्वतःच्या एच.२६४ डीकोडरच्या कागदपत्रांत बेसलाइन, मेन आणि हाय एवढेच प्रोफाइल आहेत. हे तिन्ही ८-बिट ४:२:० चे. म्हणजे इथे कोणतंही एक्स्टेन्शन शोधण्यात अर्थ नाही. हार्डवेअरही मदतीला येत नाही, कारण एच.२६४ चं १०-बिट बहुतांश ग्राफिक्स चिपमध्ये कधी आलंच नाही. आरटीएक्स ५० मालिकेसारखे अपवाद अगदी अलीकडचे. एका जुन्या मशीनवर ब्राउझरमध्ये ‘हाय १०’ ची फाइल ओढून पाहिली तर हिरव्या-गुलाबी चौकोनांचा सडा पडला. १०-बिटचा प्रवाह ८-बिट समजून वाचला गेला की असं दिसतं. हे चौकोन दिसले की फाइल खराब झाली समजून पुन्हा डाउनलोड करत बसू नका. व्हीएलसी किंवा एमपीव्ही या बाहेरच्या प्लेअरमध्ये तीच फाइल स्वच्छ दिसते.

तेव्हा हा गट आणि बाजूला ठेवलेली ४:२:२ एचईव्हीसी, दोन्ही नव्याने एन्कोड करायचं ठरलं. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर, फक्त वाचता येतील अशा ठेवल्या.

कशात एन्कोड करायचं यावर विचार केला. सगळीकडे चालणारं म्हणजे ८-बिट एच.२६४, पण मग १०-बिटमध्ये चित्रीकरण करून मिळवलेलं सारं एका फटक्यात जातं. एचईव्हीसी मेन १० मध्ये १० बिट टिकतात, फक्त रंगांचं रिझोल्यूशन ४:२:२ वरून ४:२:० वर येतं. नुसतं बघण्यासाठी ही तडजोड मला मान्य आहे. पुढे रंगकाम किंवा ग्रीन स्क्रीन करायची असेल तर मूळ फाइलच घ्यावी. पाहण्याची मुख्य प्रत मेन १० ची आणि जिथे एक्स्टेन्शन बसवताच येत नाही तिथल्यासाठी ८-बिटची दुसरी प्रत, असा निर्णय झाला.

एक्स२६५ (एचईव्हीसीचा एन्कोडर), सीआरएफ १८ (हा आकडा जितका खाली तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी), प्रीसेट स्लो. पिक्सेल फॉरमॅट ‘वाययूव्ही४२०पी१०एलई’ असा स्पष्टपणे द्या. तो दिला नाही तर ४:२:२ च्या मूळ फाइलीतून ४:२:२ च बाहेर येतं आणि रात्रभराचं एन्कोडिंग वाया जातं. पहिली खेप तशीच गेली. सोबत एचव्हीसी१ चा टॅग आहेच. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. झोपेचं सेटिंग बंद करून, चार्जर लावून.

सकाळी चित्र उत्तम, पण आवाज एका मशीनवर आहे, दुसऱ्यावर नाही. कॅमेऱ्याच्या एमओव्हीत आवाज पीसीएम (न दाबलेला) होता आणि तो तसाच एमपी४ मध्ये कॉपी झाला होता. आवाज एएसी (दाबलेला) करून फाइल पुन्हा बांधली, चित्र कॉपीच ठेवलं. त्यामुळे रात्रीचं काम वाचलं.

१८ जून

८-बिट प्रती. नुसता पिक्सेल फॉरमॅट बदलून काढलेल्या पहिल्या प्रतीत संध्याकाळच्या आकाशात पट्टे आले. १०-बिट व्हिडिओत उजेडाची पातळी ६४ ते ९४० असते, म्हणजे ८७७ पायऱ्या. ८-बिटमध्ये १६ ते २३५, म्हणजे २२० पायऱ्या. चार पायऱ्यांची एक झाली की मऊ उतारावर कडा दिसणारच. एफएफएमपेगच्या झेडस्केल फिल्टरमध्ये एरर डिफ्यूजन डिदरिंग (छटा कमी करताना होणारी चूक शेजारच्या पिक्सेलवर विखुरणं) लावलं. किंचित दाणा येतो, पण पट्टे मोडतात. डिदरने आणलेला हा दाणा एन्कोडर पुसून टाकू शकतो, म्हणून सीआरएफ थोडा खाली आणला. फाइली मोठ्या झाल्या. आकाश नीट दिसावं म्हणून ती जागा मी आनंदाने देईन.

२० जून

धुतलेल्या रंगांची गोष्ट. फोनच्या फाइली एचएलजी प्रकारच्या एचडीआर (उजेडाची कक्षा नेहमीपेक्षा मोठी असलेल्या) आहेत, रंग बीटी.२०२० या मोठ्या कक्षेचे. त्यांतल्या काही मी लहान आकारात एन्कोड केल्या होत्या. मूळ फाइल ठीक दिसते, माझी प्रत फिकी. दोन्हींची मीडियाइन्फो शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला: मूळ फाइलीत तळाशी रंगांच्या तीन ओळी आहेत, प्रतीत त्या नाहीतच. मधल्या फिल्टरनंतर टॅग गळाले. टॅग नसले की प्लेअर सगळं बीटी.७०९ (नेहमीच्या एचडी व्हिडिओचे रंग) धरून चालतो आणि मोठ्या कक्षेतले रंग आक्रसून दाखवतो.

प्रायमरीज बीटी२०२०, ट्रान्सफर ‘एआरआयबी-एसटीडी-बी६७’ आणि मॅट्रिक्स ‘बीटी२०२०एनसी’ असं हाताने देऊन पुन्हा काढली. ट्रान्सफरचं ते अवघड नाव म्हणजेच एचएलजी. एफएफएमपेगमध्ये ते असंच लिहावं लागतं. मूळ फाइल पीक्यूची (एचडीआरचा दुसरा प्रकार) असेल तर तिथे ‘एसएमपीटीई२०८४’ येतं. आणि या फाइलींची ८-बिट एसडीआर (एचडीआर नसलेली, साधी) प्रत हवी असेल तर बिट कमी करून भागत नाही, टोन मॅपिंग (मोठ्या कक्षेतला उजेड साध्या कक्षेत बसवणं) करावंच लागतं: आधी लीनियर, मग टोन मॅप, मग बीटी.७०९.

२२ जून

मेन १० ची प्रत एका मॉनिटरवर सुरळीत चालते, तरी आकाशात पट्टे आहेत अशी तक्रार आली. फाइल १०-बिट आहे, डीकोडिंग हार्डवेअरमध्ये आहे, हे दोन्ही तपासलेलं. मग पुढचा टप्पा उरतो तो पडद्याचा.

३८४० पिक्सेल रुंदीची, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग उताराची एक फाइल बनवली, लॉसलेस, १०-बिट. ८-बिटमध्ये अशा उताराची एक पायरी साधारण १७ पिक्सेल रुंद असते, १०-बिटमध्ये चार-साडेचार. खोली अंधारी करून डावीकडच्या गडद भागाजवळ डोळे नेले. रुंद उभ्या पट्ट्या सरळ मोजता येत होत्या. १७ च्या आसपासच.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडलं की बिट डेप्थ लिहिलेली असते. तिथे ८-बिट होतं. मॉनिटर ४के, ६० हर्ट्झ, केबल एचडीएमआय २.०. या जोडणीत ४के ६० हर्ट्झ आरजीबी फक्त ८ बिटलाच मावतं. १० बिट हवे तर रिफ्रेश रेट ३० करा, क्रोमा ४:२:२ करा, किंवा डिस्प्लेपोर्टवर जा. डिस्प्लेपोर्टची केबल लावली, ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये आउटपुट १० बिट निवडलं. गडद भागातला उतार मऊ झाला.

हे लिहून ठेवायचं कारण असं की पट्टे दिसले की पहिला संशय एन्कोडिंगवर जातो आणि चांगली फाइल पुन्हा एन्कोड केली जाते. आधी उताराची फाइल चालवून पाहा.

२५ जून

एव्ही१ ची एकुलती एक फाइल. विंडोजसाठी ‘एव्ही१ व्हिडिओ एक्स्टेन्शन’ स्टोअरमध्ये फुकट आहे. एव्ही१ च्या मेन प्रोफाइलमध्ये ८ आणि १० बिट दोन्ही येतात, त्यामुळे प्रोफाइलची वेगळी भानगड नाही. ती चालली. मॅकसाठी एम३ च्या आधीच्या मशीनमध्ये हार्डवेअर डीकोडर नाही, म्हणून तिचीही मेन १० ची प्रत काढली.

२७ जून

फाइली पाठवल्या. एका मशीनवरून निरोप आला की ८-बिटची प्रतसुद्धा उघडत नाही, सोबतचा प्लेअरच सापडत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ पाहायला सांगितलं. विंडोजच्या आवृत्तीच्या नावापुढे ‘एन’ होता. एन आवृत्तीत मीडियाचे भाग मुळातच वगळलेले असतात, त्यामुळे कोणतीही फाइल दिली तरी तिथे हाच अनुभव येणार. व्यवस्थापकांनी ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ टाकला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ८-बिटची प्रत लगेच चालली. एचईव्हीसी एक्स्टेन्शन बसल्यावर मेन १० ची प्रतही चालली, व्हिडिओ डीकोडचा आलेख चढलेला असल्याचा स्क्रीनशॉट त्यांनी पाठवला आहे.